चाकातलं पाणी

१८ मार्च १९८३, उदगीर

"नुसत्या जोरानं इंजन चढत न्हाई नीले, खालून धरावं लागतं." मुदखेडच्या रेल्वे चाळीच्या ओट्यावर बसून दादा हे म्हणाले होते. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. दादा मालगाडीच्या इंजिनावर फायरमन होते. रूळ ओले असले की चढावर इंजिनाची चाकं जागीच गरगर फिरायची. मग नळीतून रुळावर वाळू सोडायची आणि गाडी हलायची. मला वाळू म्हणजे जादूची वस्तू वाटायची.

आज ते आठवलं आणि त्यावरून माझं हसंही झालं.

टंचाईच्या कामात माझ्याकडे सहा गावांचं पाणी आलं आहे. जिल्हा नवा, कामं जास्त आणि माणसं कमी, म्हणून ग्रामसेविकेपासून चढत आलेल्या माझ्यासारख्या विस्तार अधिकारी बाईलाही टँकर मिळाला. सहांपैकी सगळ्यांत अवघड गाव करडवाडी. आमची जीप ओढ्यापर्यंतच जाते. पुढे ट्रॅक्टरला जोडलेला टँकर जातो, तोही धापा टाकत. ओढ्यात शंभर पावलं नुसती वाळू, आणि ती संपली की मुरमाचा उभा चढ. चढाच्या डोक्यावर गाव.

ट्रॅक्टर, टँकर आणि तो जिथे भरतो ती ओढ्याअलीकडची विहीर, सगळं सिद्रामप्पांचं. ट्रॅक्टर चालवतो केरबा, करडवाडीच्या बौद्धवस्तीतला, पस्तिशीचा. कमी बोलतो. मी मडगार्डवर बसले होते. वाळू दिसली तशी मी म्हणाले, वाळू आहे म्हणजे चाकाला पकड चांगली मिळेल. दादांचं सगळं सांगितलं त्याला.

तो हसला. "रुळावर धरत आसंल बाई. लोखंडावर चिमूटभर वाळू धरती. हितं वाळूच वाळूवर सरकती. धरावं कुणी?"

वाळूत शिरण्याआधी तो खाली उतरला, मागच्या दोन्ही चाकांची थोडी थोडी हवा सोडली, आणि चाकं म्हशीच्या पायासारखी पसरून बसली. मग अगदी सावकाश, एकदाही न थांबता त्याने ओढा पार केला.

२६ मार्च

केरबाच्या हवा सोडण्याला आणि पलीकडे जाऊन हातपंपाने ती परत भरण्याला रोजचा पाऊण तास जातो. वर बायका उन्हात उभ्या असतात. मी म्हणाले, रोज हवं का हे? तो म्हणाला की चाक पसरलं तर वाळूवर तरंगतं, ताठ राहिलं तर रुततं. एकदा रुतलं की जितका जोर लावाल तितकं खोल जातं.

मी मान हलवली, पण मनात आलं, कामाला वेळ लावायची ही जुनी रीत.

ऑफिसच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून 'लातूर' रंगवलं आहे. ऊन पडलं की खालून जुनं नाव दिसतं. लातूरहून साहेब येतात तेव्हा नव्या जिल्ह्यात नवं काहीतरी दिसलं पाहिजे, असं म्हणतात. मला ते पटतं.

९ एप्रिल

आज सरजाबाई भर रांगेत बोलली. करडवाडीत सगळ्यांत आधी घागर लावणारी आणि सगळ्यांत आधी तोंड उघडणारी बाई. सकाळी सिद्रामप्पांच्या विहिरीवर केरबा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरताना तिने पाहिला.

"टायराला पाणी पाजून राहिलेत, आन आमाला दोन घागरींवर वापस लावतेत. पुढच्या जल्मी टायरच व्हावं बायांनो."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला खरंच माहीत नव्हतं. केरबाला विचारलं तर तो म्हणाला, हाव, मागच्या चाकांत पाऊण भरून पाणी असतंच, सगळे भरतात. वजन चाकावरच बसतं, चाक जमिनीला धरतं. उन्हाने थोडं कमी झालं होतं म्हणून भरलं.

दोन चाकांत मिळून तीनशे लिटर. वीस घागरी. दहा घरांचं एका दिवसाचं पाणी रबरात कोंडून रोज ह्या बायकांच्या समोरून फिरतं आहे, आणि ते त्यांच्यासाठीच पाणी आणतं आहे.

१४ एप्रिल

आज मन हलकं आहे. घरी आल्या आल्या लिहायला बसले.

जयंतीला करडवाडीच्या वस्तीने मला बोलावलं होतं. निळ्या पताका, फोटोला हार, ओळीत बसलेली माणसं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. ज्या महापुरुषाने पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर लोक नेले त्याच्या जयंतीला पाण्याशिवाय दुसरं काय बोलायचं? बोलता बोलता मी म्हणून गेले, "आजपासून या गावात माणसाच्या आधी टायरला पाणी मिळणार नाही." केवढ्या टाळ्या पडल्या. नंतर असं वाटलं की हे मी आधीच ठरवून आले होते की काय.

केरबा मागे भिंतीशी उभा होता. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, वजन जाईल."

मी म्हणाले, मालकाला मी सांगते, तू घाबरू नकोस. त्याची बायको पंचशीला त्याच्याकडे बघत होती. आपल्याच माणसांत, आपल्याच जयंतीला, आपल्यासाठी बोललेल्या बाईला त्याने आणखी काय सांगायचं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

सिद्रामप्पा तर हसतच म्हणाले, तुमी म्हणाल तसं बाई.

संध्याकाळच्या आत पाणी काढलं. चाक फिरवून तोंड खाली आणलं आणि बायकांनी घागरी लावल्या. पाणी तांबूस, रबराचा वास मारणारं. तीन घागरी भरल्या आणि कुणी चौथी लावली नाही. म्हशीपुढे ठेवलं तर तिने नाक लावून तोंड फिरवलं. बाकीचं जमिनीत गेलं. पण प्रश्न पिण्याचा नव्हताच. प्रश्न न्यायाचा होता.

१८ एप्रिल

लातूरच्या पेपरात चार ओळी आल्या. माझं नाव नाही, 'महिला अधिकारी' एवढंच. साहेबांनी फोनवर शाबास म्हटलं. नांदेडला ह्यांना कात्रण पाठवलं.

चढावर आज ट्रॅक्टर अर्धा तास अडला. चाकं फिरत होती, मुरूम मागे उडत होता, ट्रॅक्टर जागेवर. केरबाने मडगार्डांवर दगड रचले आणि दोन माणसं बसवली, तेव्हा कुठे निघाला. मग माझ्याकडे आला. म्हणाला, टँकर अर्धाच भरू, नाहीतर टायरात पाणी परत भरू द्या. दोन्हींतलं एक करा.

टँकर अर्धा केला तर लोकांना अर्धं पाणी. आणि टायरात परत भरलं तर चार दिवसांपूर्वी टाळ्या वाजवणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? मी दोन्हीला नाही म्हणाले. दगड चांगले आहेत की, म्हणाले.

"दगड हालतेत बाई. पानी हालत न्हाई."

मग ट्रॅक्टरकडे वळत म्हणाला, "बरं."

२१ एप्रिल

केरबा दवाखान्यात आहे. डावा पाय.

आज यापुढे लिहिता येत नाही.

२३ एप्रिल

लिहिलंच पाहिजे. नाहीतर मी ते वेगळंच आठवायला लागेन.

सकाळचे दहा वाजले होते. मी वर बायकांबरोबर उभी होते. केरबाने वाळू पार केली, हवा भरली, चढाला लागला. अर्ध्या चढावर मागचं एक चाक सुटलं. नुसतं फिरायला लागलं, आपल्याच खाली खड्डा करत. मग दुसरं. मडगार्डावरचे दगड गडगडत खाली आले. मागे चार हजार लिटर पाण्याचा टँकर. त्याने ट्रॅक्टरला मागे ओढलं. ब्रेक लागले होते, चाकं थांबलेली होती, तरी ट्रॅक्टर मागे घसरत होता, थांबलेल्या चाकांनिशी. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. केरबाने स्टिअरिंग गरकन वळवलं. टँकर आडवा झाला, त्याबरोबर ट्रॅक्टर कलला. तो उडी मारू शकला असता असं सगळे म्हणतात. खाली ओढ्यात दोन बाया गोवऱ्या वेचत होत्या. त्या दिसल्यावर तो बसून राहिला आणि ट्रॅक्टर बांधाकडे वळवत गेला. बांधाशी दोन्ही उलटले.

पाणी वाळूवर पसरलं आणि मिनिटात दिसेनासं झालं.

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे. राहील, पण वाकणार नाही असं डॉक्टर म्हणतात. डावा पाय क्लचचा.

२८ एप्रिल

जबाब झाले. लातूरहून साहेब आले होते. वाईट माणूस नाही, पण घाईत होते. त्यांनी विचारलं, ड्रायव्हर प्यायला होता का? मी नाही म्हणाले. वेगात होता का? नाही. मग उलटला कसा? सिद्रामप्पा म्हणाले, पोराला हात बसलेला न्हाई चढाचा. नऊ वर्षं तो त्यांचाच ट्रॅक्टर चालवतो आहे.

मी म्हणाले, टायरमधलं पाणी काढलेलं होतं.

साहेबांनी पेन थांबवलं. "काढा म्हणून लेखी आदेश आहे का?"

नाही.

"मग ते यात कशाला आणता? तुमचंच नाव येईल. त्या चार ओळी पेपरात आल्यात, विसरलात का?"

त्यांनी कागद पुढे केला. 'चालकाने चढावर वाहन चालवताना हयगय केल्याने.' मी सही केली. सही चांगली आली. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तेच दिसलं, की हात कापला नाही.

ह्या एका शब्दामुळे केरबाला आता कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, पाय बरा झाला तरी. आणि सरकारातून काही मिळणार नाही, कारण चूक त्याची.

३ मे

ह्यांचं पत्र आलं. लिहितात, जे झालं ते वाईट, पण जबाब दिलास ते बरं केलंस. नांदेडच्या बदलीची यादी पुढच्या महिन्यात आहे, आता ढवळू नकोस. पत्र चांगल्या मनाने लिहिलेलं आहे. म्हणूनच वाचवत नाही.

६ मे, लातूर

मीटिंग लवकर संपली. बसला अवकाश होता म्हणून ट्रॅक्टर दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये शिरले. मिस्त्रीचं नाव लक्ष्मणराव, साठीचे. म्हणाले, बाई, बसा की स्टुलावर. मी विचारलं, चाक जमिनीला धरतं म्हणजे काय होतं? असं कधी कुणी विचारलं नसावं. खुश झाले.

टायरवर ते हात ठेवून सांगत होते. ह्या रबराच्या दात्या मातीत रुततात. दोन दात्यांमध्ये मातीचा घास बसतो. चाक तो घास मागे ढकलतं. घास फुटला नाही तर ट्रॅक्टर पुढे जातो, फुटला तर चाक नुसतं फिरतं. ओल्या काळ्या रेगडीत माती दात्यांत भरून बसते, टायर गुळगुळीत होतो, तिथे वजन वाढवलं तर उलट रुततं. वाळूत हवा कमी करावी, चाक पसरतं. पण मुरमाच्या चढावर, मागे भरलेला टँकर असताना, खालची खडी सुटी असते. तिला दाबून धरायला चाकावर वजनच लागतं. पाणी भरलेल्या टायरचं वजन थेट चाकात, खाली. वर रचलेल्या दगडांचं तसं नाही. ते सरकतात, पडतात, आणि नको तेव्हा.

म्हणजे केरबाने जे सहा शब्दांत सांगितलं तेच, फक्त लांब करून.

मग त्यांनी विचारलं, "करडवाडीचा का तो ट्रॅक्टर? ऐकलं. पाणी काढलं म्हणे टायरातलं. कुण्या शहाण्यानं सांगितलं?"

मी म्हणाले, माहीत नाही.

१२ मे

करडवाडी. केरबा घरी आला आहे. खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. मी मोसंबी घेऊन गेले होते.

पंचशीलाने बसायला पोतं टाकलं. पाणी विचारलं नाही. या भागात दाराशी आलेल्या शत्रूलाही आधी पाण्याचा तांब्या देतात. टंचाई आहे म्हणून नसेल, असं मनाला समजावलं. पण कोपऱ्यात माठ भरलेला दिसत होता.

केरबा कामाची विचारपूस करत राहिला. नवा ड्रायव्हर कोण येणार, त्याला सांगा वाळूत हवा सोड, चढावर मधेच गिअर बदलू नको. जबाबाचं त्याने काढलं नाही. मग मीच काढलं. म्हणाले, मी त्या दिवशी साहेबांना सांगायला सुरुवात केली होती.

पंचशीला भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "आन मंग?"

मी मोसंबी खाटेखाली सरकवली.

"येक इचारू का बाई? टँकर पडला तवा तुमी वरडल्या. काय वरडल्या ते आठवतं का?"

मला आठवतं. इथेही लिहिलं नाही मी ते. तेवीस तारखेला सगळं लिहिलं आणि ते सोडलं. मी ओरडले, "पाणी! पाणी चाललं!" सरजाबाई आणि आणखी चारजणी घागरी घेऊन खाली पळाल्या. पंचशीला एकटी ट्रॅक्टरकडे पळाली. तो मडगार्डखाली अडकलेला होता, आणि तिने त्याचं डोकं धरलं तेव्हा सगळ्या बाया वाळू खरवडत होत्या, माझ्या सांगण्यावरून.

केरबा म्हणाला, "तहान लागलेल्या मानसाला पानीच दिसनार की. सोड आता."

"त्यांला कुठं लागली व्हती तहान?" ती म्हणाली.

२० मे

ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला, नवा ड्रायव्हर आला. पहिल्याच दिवशी त्याने विहिरीवर दोन्ही टायर भरून घेतले, सगळ्यांच्या देखत. मी बघत उभी होते. सिद्रामप्पा माझ्याकडे बघून हसले नाहीत, तेवढी सभ्यता त्यांनी ठेवली. सरजाबाई म्हणाली, भर बाबा, पोटभर पाज त्याला. कुणी हसलं नाही.

ट्रॅक्टर चढ एका दमात चढला.

२७ मे

अर्ज लिहिला. १४ एप्रिलला मी तोंडी आदेश दिला, १८ला चालकाने धोका सांगूनही मी ऐकलं नाही, हयगय माझी आहे, माझा जबाब बदलून घ्यावा. एक पानही भरलं नाही. किती कमी जागेत मावतं.

३० मे

लातूरला गेले. ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोन तास बसले. साहेब आत होते. शिपायाने दोनदा विचारलं, बाई, चिठ्ठी देऊ का? मी म्हणाले, थांबा. मग चार वाजताच्या गाडीने परत आले. अर्ज पर्समध्ये.

गाडीत स्वतःला सांगत होते की टंचाईच्या कामात अडथळा नको, पावसाळा लागू दे, मग देईन. हे सगळं मी अगदी शांतपणे, मुद्देसूद सांगत होते. मी स्वतःला साहेबांपेक्षा चांगलं समजावते.

४ जून

आज परत गेले. आज बाकापर्यंतही गेले नाही. ऑफिससमोर रसवंती आहे, तिथे बसून रस प्यायले आणि आले.

बदलीची यादी लागली. नांदेड, वीस तारखेला निघायचं. ह्यांनी तार केली, अभिनंदन.

७ जून

आता खरं लिहिते. मी स्वतःहून तो अर्ज देणार नाही. माझी तेवढी माती घट्ट नाही. एकटी गेले तर तिसऱ्यांदाही परत येईन, आणि वीस तारखेला नांदेडच्या गाडीत बसेन, आणि वर्षभराने हे सगळं एक वाईट उन्हाळा म्हणून आठवेन.

केरबाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ द्या बाई, नोकरी सांभाळा. तो मला सोडून देईल. म्हणून त्याला सांगायचं नाही. सोबत हवी ती जी सोडणार नाही तिची.

दुपारी वही घेऊन बसले आणि चिठ्ठी लिहिली. पंचशीलाला वाचता येतं, वस्तीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली आहे. नवा ड्रायव्हर उद्या पहिल्या खेपेला घेऊन जाईल. उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मला म्हणता येणार नाही की लिहिलीच नव्हती:

"पंचशीला, तू माझ्यासाठी काही करावंस असं काही राहिलेलं नाही, हे मला कळतं. तुझा दिवस मोडेल, मजुरी बुडेल, केरबाला एकटं ठेवावं लागेल, हेही कळतं. शुक्रवारी सकाळी आठच्या गाडीने मी लातूरला माझा जबाब बदलायला जाणार आहे. दोनदा गेले आणि न देता परत आले. तू माझ्याबरोबर चल. काही बोलू नकोस, माझ्या शेजारीही बसू नकोस. फक्त साहेबांच्या दारात उभी राहा, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तू नाही म्हणशील. तरी विचारते, येशील का?"